खाणकामगार आणि कलम नऊ

लाकूड कापायला एक माणूस पुरतो. कापलेलं लाकूड हातात घेऊन, उजेडाकडे धरून, मान तिरकी करून 'वा!' म्हणायला मात्र किमान सात लागतात. हे शाश्वत सत्य ध्यानात घेऊनच जर्मन कायद्याने संस्था नोंदवायला सात माणसांची अट घातली असावी. सहा जण जमले तर त्यांना फार तर टोळकं म्हणता येतं. सातवा आला की घटना येते, अध्यक्ष येतो, इतिवृत्ताची वही येते आणि केक कोणी कधी आणायचा याचं वेळापत्रक भिंतीवर लागतं.

ग्रुंडाउ गावच्या 'जाळीकाम मित्र मंडळा'त (नोंदणीकृत) बरोबर सात सदस्य होते. त्यामुळे तिथे कोणी कोणाशी भांडणं कायद्यानेच परवडत नव्हतं, असं अध्यक्ष इंगोल्फ उलिग यांचं मत होतं. (नोंदणी झाल्यावर तीन उरले तरी चालतात, पण ते पान त्यांनी कोणाला वाचू दिलं नव्हतं.) इंगोल्फ हे वजनमापं खात्यातले निवृत्त निरीक्षक. चाळीस वर्षं त्यांनी खाटकांचे काटे तपासले होते आणि माणूस मुळात हलका भरतो, या निष्कर्षाप्रत ते आले होते.

मंडळ दर मंगळवारी दुपारी साडेतीनला अग्निशमन केंद्राच्या वरच्या खोलीत भरायचं. खोलीत तीन करवती होत्या. ही करवत म्हणजे शिलाई मशीनची मोठी बहीण म्हणावी अशी: खाली लोखंडी टेबल, वर बगळ्याच्या मानेसारखा हात, आणि त्या दोहोंमध्ये ताणलेलं, घोड्याच्या केसाहून थोडंसंच जाड असं पातं, जे विजेवर थडथड खालीवर होतं. लाकडाच्या फळीवर नमुन्याचा कागद चिकटवायचा, आतल्या भागाला भोक पाडायचं, पात्याचं एक टोक सोडवून त्या भोकातून ओवायचं, पुन्हा अडकवायचं, रेघेवरून कापत जायचं, की नको तो तुकडा टपकन खाली पडतो. नको तो पडला की काम झालं. हवा तो पडला तर त्याला काय म्हणायचं, यासाठी घटना होती.

घटनेची कलमं एकूण तेवीस. त्यांतली तीन पुरेत.

कलम चार: नवा सदस्य 'परिचित' या वर्गात मोडेल व सर्वांना अहो-जाहो करेल. पहिलं काम पूर्ण झाल्यावर त्यास 'मित्र' हा दर्जा प्रदान करण्यात येईल व त्या दिवसापासून अरे-तुरे अनिवार्य राहील. (डॉक्टर ड्रेक्सेल यांना अरे-तुरे जमेना, तेव्हा त्यांना तीन आठवड्यांची सवलत मिळाली होती.)

कलम आठ: दाखवलेल्या कामावर प्रत्येक सदस्य एक सूचना करेल. एकच; पण केलीच पाहिजे. सूचना आभारपूर्वक स्वीकारून अमलात आणली जाईल.

कलम नऊ: मित्राच्या कामात अथवा सूचनेत दोष काढू नये.

कलम नऊला इतिहास होता. फार वर्षांपूर्वी गोटहार्ड नावाच्या सदस्याने रेनडिअर कापून आणला आणि निवृत्त पशुवैद्य डॉक्टर ड्रेक्सेल म्हणाले, "हा बोकड आहे." त्यांचं मत तज्ज्ञाचं होतं, हीच तर अडचण झाली. गोटहार्ड तडक उठून शेजारच्या गावातल्या मंडळात गेला आणि तिथे त्याच बोकडाला दुसरं बक्षीस मिळालं. त्यानंतर कलम नऊ एकमताने मंजूर झालं आणि ज्ञानाच्या देवाणघेवाणीला खरी गती आली. एका वर्षाची आकडेवारी बोलकी आहे. सभा: त्रेचाळीस. सूचना: दोनशे अठ्ठावन्न. मोडलेली पाती: सहाशे बारा (पैकी पात्याच्या चुकीने: सहाशे बारा). कामात आढळलेले दोष: शून्य.

मंडळात जे जे चुकलं ते ते नमुन्यात कायम झालं. नमुना क्रमांक एकतीस म्हणजे गावचं चर्च. त्याला दार नाही. नमुना क्रमांक चाळीसमधल्या देवदूताला एका हाताला सहा बोटं आहेत आणि शेजारी शेरा आहे, 'वाजवायला सोयीचं'.

अशा या मंडळात रमोना मेल्त्सर दाखल झाली ती छप्पन्नाव्या वर्षी. ती बाजारपेठेतल्या चष्म्याच्या दुकानात काम करायची. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा धरून "आता स्पष्ट दिसतंय का?" असं विचारायचं, हा तिचा व्यवसाय. घरी विचारायला कोणी नव्हतं. तिच्या आठवड्याला मंगळवार सोडला तर धरायला दुसरी मूठ नव्हती.

पहिल्याच दिवशी तिने पातं उलटं बसवलं, दाते वर करून. दाते खाली असले की पातं लाकूड टेबलावर दाबून धरतं. वर असले की लाकूड उचलून आपटतं. रमोनाची फळी वीस मिनिटं तव्यावरच्या लाहीसारखी उडत होती. शेजारच्या करवतीवर सीगमार ओमे बसले होते, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त बसचालक. त्यांनी सगळं पाहिलं. कलम नऊच्या सवयीने ते काही बोलले नाहीत. फक्त उठले, आपल्या करवतीचं पातं काढलं, तिला दिसेल असं हातात धरून दाते खाली आहेत ना ते निरखून पाहिलं आणि पुन्हा बसवलं. असं तीनदा केलं. तिसऱ्या वेळी रमोनाला समजलं. त्या दिवशीच्या इतिवृत्तात आनेलोरंने लिहिलं: 'श्रीमती मेल्त्सर यांनी लाकडात चैतन्य आणलं.' आनेलोरं म्हणजे चिटणीस, आणि वेळापत्रकात कोणाचंही नाव असलं तरी केक तिचाच.

सीगमारने रमोनाला सगळं शिकवलं. नमुन्यावर चिकटपट्टी लावली की लाकूड करपत नाही, वळणावर ढकलायचं नाही, पातं आवाज बदलायला लागलं की त्याला निरोप द्यायचा. पाच महिन्यांत तिचा ससा पूर्ण झाला आणि अरे-तुरे लागू झालं. एकोणचाळीस वर्षं सीगमारने बस चालवली. त्याच्या डोक्यावर पाटी होती: 'चालकाशी बोलू नये.' लोकांनी ती तंतोतंत पाळली. आपलं नाव घेऊन बोलणारी माणसं त्याला पहिल्यांदा मिळाली ती अग्निशमन केंद्राच्या माडीवर.

आणि म्हणूनच कमानीचं प्रकरण नाजूक होतं.

नाताळाआधीच्या चार आठवड्यांत त्या डोंगराळ भागातल्या एकूण एक खिडकीत दिव्यांची लाकडी कमान उभी राहते. त्या वर्षी नगरपालिकेच्या दर्शनी खिडकीतली कमान करायचा मान मंडळाला मिळाला आणि मंडळाने तो सीगमारला दिला. फेब्रुवारीत त्याने नमुना दाखवला. दोन झाडांच्या मधोमध खाणकामगार, एका हातात दिवा, दुसऱ्या हातात कुदळ, डोक्यावर तुऱ्याची टोपी. सभा एवढी शांत झाली की खाली आगीच्या बंबाचा नळ ठिबकत होता तो ऐकू आला. नमुना खरोखर सुंदर होता. सुचवण्यासारखं काही नव्हतं. पण कलम आठ होतं.

"बुटांखाली थोडा उजेड आला तर?" आनेलोरं म्हणाली. "जमिनीला चिकटलेत ते जरा जड वाटतात बघ."

"दिवा कमानीला टेकलाय," इंगोल्फ म्हणाला. "दिवा मोकळा हवा."

वाइसबाख बंधूंपैकी थोरल्याने कुदळ मोकळी करायला सांगितलं. धाकट्याने तेच पुन्हा सांगितलं आणि ती स्वतंत्र सूचना धरण्यात आली. डॉक्टर ड्रेक्सेल म्हणाले, "कोपर झाडाला घासतंय. जनावर असतं तर जखम झाली असती."

उरली रमोना. कॉफी निवत चालली होती, सगळे तिच्याकडे पाहत होते. "तुरा..." ती म्हणाली, "तुरा आणि कमान यांच्यात एक बारीकशी फट ठेवली, तर?"

"वा!" सगळे म्हणाले. सीगमारने सहाही सूचना वहीत लिहून घेतल्या, प्रत्येकीखाली दोन रेघा मारल्या आणि सहा जणांचे सहा वेगवेगळे आभार मानले.

ऑक्टोबरच्या अखेरीस रमोना जेवणाच्या टेबलाशी बसून नमुन्याची प्रत पाहत होती. तिने सहज खाणकामगाराच्या कडेवर बोट ठेवलं. बोट बुटांखालून निघालं, दिव्याला वळसा घालून खांद्यावर चढलं, तुऱ्यावरून गेलं, कुदळीवरून उतरलं, कोपराला शिवलं आणि पुन्हा बुटांपाशी आलं. कुठेही उचलावं लागलं नाही. तिने पुन्हा फिरवलं. पुन्हा बुटांपाशी.

खाणकामगार कशालाच धरून नव्हता.

सीगमारने तोवर एकशे अठरा भोकं पाडून एकशे अठरा तुकडे पाडले होते. फक्त तुऱ्याजवळचा चार मिलिमीटरचा काप ठेवला होता. तो नगराध्यक्षाबाईंच्या हस्ते, नाताळपर्वाच्या पहिल्या शनिवारी, दुपारी तीन वाजता, जाहीर समारंभात व्हायचा होता. तो काप झाला की नऊ महिन्यांचं काम संपणार आणि कमान उचलताच त्यातला मुख्य माणूस अख्ख्या गावादेखत टपकन खाली पडणार. नको तो तुकडा पडावा तसा.

रमोना इंगोल्फकडे गेली. तो बागेत गुलाबांना थंडीसाठी गोणपाट गुंडाळत होता.

"दिसलंय मला," तो शांतपणे म्हणाला. "मार्चमध्येच."

"मग बोलला का नाहीस रे?"

"घरी दिसलं. सभेत दिसलं नाही. घरी दिसलेलं इतिवृत्तात येत नसतं."

"अरे, मग तो शेवटचा काप तेवढा रद्द कर ना! तुरा राहू दे चिकटलेला. माझीच सूचना होती, मीच मागे घेते."

इंगोल्फने सुतळीची गाठ मारली. "मागे घ्यायची म्हणजे तिच्यात दोष आहे असं म्हणावं लागणार. तू मित्र आहेस, रमोना. मित्राच्या सूचनेत मी दोष काढू देणार नाही. तुलासुद्धा."

ती तशीच आनेलोरंकडे गेली. आनेलोरंने दार उघडलं आणि रमोनाचा चेहरा पाहूनच रडायला लागली.

"एप्रिलपासून मला घास गोड लागत नाही गं. माझ्या बुटांनी घात केला!"

"बूट नाहीत गं, तुरा. शेवटचा आधार माझ्यामुळे गेला."

"तुऱ्याचं काय घेऊन बसलीस? आधी बूट गेले! माणूस उभा कशावर राहतो, तुऱ्यावर?"

"बुटांखाली उजेड निदान शोभून तरी दिसतो..."

"उगाच माझी समजूत काढू नकोस!"

यावर दोघींची अर्धा तास जुंपली. दोष आपलाच, हे दोघींनाही दुसरीला पटवता आलं नाही. शेवटी आनेलोरंने पर्समधून एक इवलीशी बाटली काढून दाखवली. "गोंद. दहा सेकंदांत धरतो. मी पहिल्या रांगेत बसणार आहे. पडला की झेलायचा, लावायचा. कोणाला कळणार नाही."

"पाचशे माणसांसमोर?"

"लोक नगराध्यक्षाबाईंच्या टोपीकडे बघत असतात."

राहता राहिला सरळ मार्ग, म्हणजे सीगमारलाच सांगणं. संधीही चालून आली. समारंभाच्या दोन दिवस आधी तो दुकानात आला, चष्म्याचा स्क्रू सैल झाला म्हणून. रमोनाने स्क्रू आवळला, काचा पुसल्या, चष्मा त्याच्या नाकावर नीट बसवला.

"आता स्पष्ट दिसतंय का?" सवयीने तिच्या तोंडून गेलं.

"लख्ख," सीगमार म्हणाला. मग काउंटरवर बोटं वाजवत उभा राहिला. "एक सांगू? त्या दिवशी सहाच्या सहा जण बोललात. माझा सख्खा भाऊ माझ्या घरी तीस वर्षं येतोय, त्याने पडदे बदल असंसुद्धा कधी म्हटलं नाही."

रमोनाने तोंड उघडलं. त्याचा चेहरा पाहिला. चष्मा त्याच्या नाकावरून काढून घेतला. स्क्रू पुन्हा एकदा आवळला, गरज नसताना.

शनिवारी अग्निशमन केंद्राचं सभागृह भरून गेलं. बंब बाहेर काढून खुर्च्या मांडल्या होत्या. इंगोल्फने 'ग्लुक आउफ' या खाणकामगारांच्या रामरामाने सुरुवात केली. खाणी कधीच बंद झाल्या होत्या, पण गावातलं कोणतंही काम त्याशिवाय सुरू होत नसे. मग त्याने मंडळाच्या आकडेवारीवर अठरा मिनिटं भाषण केलं. शून्यावर टाळ्या पडल्या. करवतीच्या टेबलावर कमान आडवी ठेवली होती, पातं तुऱ्याजवळच्या भोकातून ओवून तयार. सीगमार शेजारी उभा होता, कोटाची सगळी बटणं लावून. नगराध्यक्षाबाईंनी संरक्षक चष्मा चढवला, छायाचित्रकाराकडे बघून हसल्या आणि करवत सुरू केली.

पातं थडथडू लागलं. चार मिलिमीटर म्हणजे किती वेळ? शिकाऊ हाताला पाच सेकंद. पहिल्या सेकंदाला रमोनाला वाटलं, आनेलोरं झेलेल. दुसऱ्या सेकंदाला तिला दिसलं की आनेलोरंचे डोळे घट्ट मिटलेले आहेत.

रमोना उठली, करवतीपाशी गेली आणि भिंतीतला प्लग उपटला.

"तो पडेल," ती म्हणाली. करवतीचा आवाज बंद झाला होता, त्यामुळे ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. "सीगमार, तो कशालाच धरलेला नाही. माझ्यामुळे. मला काही सुचत नव्हतं, कॉफी निवत होती, म्हणून तुऱ्याचं बोलले. आज तू मला काही म्हण. पुढच्या मंगळवारी माझ्याशी बोलू नकोस हवं तर. पण पडू देऊ नकोस त्याला."

सीगमारने कोटाचं वरचं बटण सोडलं.

"फेब्रुवारीतच कळलं होतं मला," सीगमार म्हणाला. "त्या दिवशी घरी जाताना, बसमध्ये."

"आणि तरी कापत बसलास? नऊ महिने?"

"सहा जणांनी सहा सूचना दिल्या. आयुष्यात पहिल्यांदा. त्यांतली कुठली परत करू गं?"

"अरे, पण पडला असता ना!"

"पडला असता," सीगमार म्हणाला. "खाली उशी ठेवलीय."

सगळे वाकून बघायला लागले. करवतीच्या टेबलाखाली खरोखरच एक उशी होती, भरतकाम केलेली, कडेला झालर. वाकताना डॉक्टर ड्रेक्सेल यांच्या खिशातून गोंदाची बाटली पडली. थोरल्या वाइसबाखने ती उचलायला हात पुढे केला तर त्याच्याही बाहीतून एक घरंगळली. धाकट्याकडे दोन होत्या. इंगोल्फचा हात कोटाच्या आतल्या खिशावर होता आणि तो त्याने शेवटपर्यंत तिथून काढला नाही.

नगराध्यक्षाबाईंनी दीड मिलिमीटर कापलं होतं. उरलेल्या अडीच मिलिमीटरवर खाणकामगार तरला. कमान खिडकीत लागली, दिवे लागले, आणि तुरा कमानीला टेकलाय तो भाग सगळ्यात छान दिसतो असं गावाचं म्हणणं पडलं.

पण घटना ती घटना. पुढच्या मंगळवारी इंगोल्फने निकाल वाचून दाखवला. सदस्य रमोना मेल्त्सर यांनी जाहीर ठिकाणी मित्राच्या कामात व मित्राच्या (म्हणजे स्वतःच्या) सूचनेत दोष काढला. सबब त्यांना 'परिचित' वर्गात परत पाठवण्यात येत आहे. सदस्य सीगमार ओमे यांनी सहा मित्रांच्या सूचनांत दोष असल्याचं मनातल्या मनात नऊ महिने ठेवलं व नंतर कबूल केलं, सबब तेही. दोघांनी टेबलाच्या खालच्या टोकाला बसावं आणि अहो-जाहो करावं.

रमोना खालच्या टोकाला जाऊन बसली. मंगळवार अजून आपला आहे, एवढंच तिच्या डोक्यात होतं. सीगमारने चष्मा सारखा केला आणि तिच्या हातातला नवा देवदूत उजेडाकडे धरला.

"अहो मेल्त्सरबाई, याचे पंख उलटे आहेत हो."

रमोनाने पाहिलं. खरंच उलटे होते. दोन वर्षांत तिला कोणी असं काही सांगितलं नव्हतं. "अय्या! आणि अहो ओमेसाहेब, तुमच्या या घंटेची कड तुम्ही घासलीच नाहीत, बोट कापेल एखाद्याचं."

"अरे देवा. आणि तो ससा आठवतोय, तुमचा पहिला?"

"का हो? काय झालं त्याला?"

"काही नाही. डॉक्टरांना विचारा."

दोघं एवढी हसली की वरच्या टोकाला केक कापायचा थांबला. कलम नऊ फक्त मित्रांना संरक्षण देतं, परिचितांना नाही, ही गोष्ट तोवर कोणाच्या ध्यानात आली नव्हती. त्या हिवाळ्यात रमोना जेवढं शिकली तेवढं आधीच्या दोन वर्षांत शिकली नव्हती. तिचे पंख सुलटे झाले. सीगमारच्या कडा रेशमासारख्या लागू लागल्या. खालच्या टोकाला आवाज वाढला.

जानेवारीत आनेलोरं थोरल्या वाइसबाखच्या बदकाकडे बोट दाखवून मोठ्याने म्हणाली, "हा बूट आहे!" आणि निकालाची वाट न बघता कॉफी घेऊन खालच्या टोकाला आली. पुढच्या आठवड्यात थोरल्याने धाकट्याच्या होडीला सरळ नावं ठेवली. धाकट्याने डॉक्टरांच्या घोड्याला. डॉक्टर ड्रेक्सेल अहो-जाहोसाठी आधीपासूनच झुरत होते. त्यांनी मंडळाच्या नमुन्यांचा संग्रह उघडला आणि एकाच बैठकीत अकरा प्राण्यांचं निदान केलं.

मार्च उजाडेपर्यंत मंडळात 'मित्र' दर्जाचा एकच सदस्य उरला: इंगोल्फ.

तो वरच्या टोकाला एकटा बसतो. सध्या घुबड करतोय. दर मंगळवारी ते उजेडाकडे धरून दाखवतो, आणि खालच्या टोकाचे सहा जण एकमेकांची सालटी काढणं क्षणभर थांबवून, माना तिरक्या करून, एका सुरात 'वा!' म्हणतात. सहा सूचना देतात. तो आभार मानतो. घुबडाचा एक डोळा चोचीखाली गेलाय, हे रमोनाला दुकानातून घरी जातानासुद्धा दिसत राहतं. दोनदा तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण इंगोल्फने यंदाच्या अहवालात लिहिलंय की मित्रांच्या कामाचा दर्जा मंडळाच्या इतिहासात इतका उंच कधीच गेला नव्हता, आणि ते वाचताना त्याचा आवाज भरून आला होता.

वाचकहो, गेल्या वर्षभरात तुमच्याही कामाला कोणी नावं ठेवली नसतील, तर तुमचं मनःपूर्वक अभिनंदन. फक्त टेबलाच्या दुसऱ्या टोकाला एवढं काय हसणं चाललंय, ते विचारायच्या भानगडीत पडू नका.